झोळीचं वजन

अंगणवाडीत नवा वजनकाटा आला त्या दिवशी सेविका दीपिकाला वाटलं होतं, तासाभरात सगळं उरकेल. खडकीपाड्यात मागे राहिलेली मुलं होतीच किती, चौदा. बाकीची एकोणीस दिवाळी झाल्यावर आईबापांबरोबर कामाला गेली होती. कुणी विटांच्या भट्टीवर, कुणी बांधकामावर. आता ती होळीलाच परतायची.

पहिला हर्षित. त्याच्या आजीनं त्याला झोळीत बसवलं, दीपिकानं झोळी आकड्याला अडकवली, आणि सुई आठच्या जरा पुढे जाऊन थांबली. आठ किलो शंभर. रजिस्टरात महिन्यापूर्वीचा आकडा होता नऊ किलो चारशे.

दीपिकानं त्याला खाली घेतलं, परत टांगलं. आठ शंभर.

"आजारी होता का गं?" तिनं आजीला विचारलं.

"नाय बाय. खातोय, खेळतोय. कालच शेजारच्या कोंबडीमागं धावला."

मग भावना, सात महिन्यांची. गेल्या महिन्यात सात दोनशे, आज सहा दोनशे. मग तिसरं मूल, चौथं मूल. दहा मुलं टांगून झाली. एकही मूल वाढलेलं नव्हतं. सगळी किलोभर, सव्वा किलो उतरली होती.

कमळी खिचडीचं पातेलं उतरवून दारात येऊन उभी राहिली. ती इथली मदतनीस. दीपिका शाळेत होती तेव्हापासून ती या अंगणवाडीत मुलांना भरवत आली होती.

"सगलीच उतरली?" कमळीनं विचारलं. "साथ आली का काय?"

"काटाच खराब असेल," दीपिका म्हणाली. "नवा हाय म्हणून काय झालं?"

तिनं दुकानातून मिठाच्या एकेक किलोच्या पाच पिशव्या मागवल्या. रिकामी झोळी टांगली, सुई शून्यावर होती. पिशव्या झोळीत टाकल्या. सुई बरोबर पाचवर थांबली. एक पिशवी काढली, चार. तीन. दोन. नवा काटा तंतोतंत होता.

म्हणजे खोटं बोलला होता तो जुना.

मुलं जेवली, आयाबाया त्यांना घेऊन गेल्या, तरी दीपिका रजिस्टर उघडं ठेवून बसली होती. बसली होती कसली, उठत होती, दारापर्यंत जात होती, परत येत होती. मागे राहिलेल्या चौदा मुलांचं ठीक होतं. त्यांची आज खरी वजनं झाली. पण ती एकोणीस? त्यांची शेवटची वजनं त्या जुन्या काट्यावरची होती, आणि त्या वजनांवर भरवसा ठेवून तिनं त्यांना जाऊ दिलं होतं.

तो दिवस तिला नीट आठवत होता. मुकादमाचा टेम्पो सकाळपासून रस्त्याला उभा होता. लोकांनी भांडीकुंडी भरली होती, हॉर्न वाजत होता, आणि ती एकेका मुलाला ओढून आणून टांगत होती, कारण महिन्याची वजनं राहायला नकोत. त्याच सकाळी जुनी कापडी झोळी फाटली. कमळीनं घाईघाईनं ताडपत्रीचा जाड तुकडा घेतला, दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या ओवल्या आणि नवी झोळी शिवून दिली. दीपिकानं ती अडकवली आणि मुलं घालत गेली. रिकामी झोळी टांगून सुई कुठे येते, हे तिनं पाहिलं नाही. सुई शून्यावर आणायचा स्क्रू तर कधीचाच गंजून बसला होता. पहिली झोळी पातळ लुगड्याची होती, तिच्या वजनानं सुई हलायची नाही, म्हणून कधी अडलं नव्हतं.

शेवटी आली होती वनशी, जिवल्याची बायको. कडेवर दीड वर्षाची रिंकी.

"बाई, हिला नेऊ का आजाकडं ठेवू?" वनशीनं विचारलं होतं. "मला जरा बारीक वाटते."

रिंकीचं वजन आलं आठ किलो तीनशे. दीपिकानं वाढीच्या तक्त्यावर ठिपका दिला. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला, काठाला का होईना, पण हिरव्यात.

"ने बिनधास," ती म्हणाली होती. "पोर हिरव्यात हाय."

आता ते शब्द तिच्या कानात वाजत राहिले.

तिनं सुपरवायझर दमयंती मॅडमना फोन लावला. जुना काटा गेल्या महिन्यात ऑफिसात जमा केला होता, झोळी त्यातच गुंडाळलेली होती. तेवढा एक दिवस परत मिळाला तर मिठाच्या पिशव्या टांगून काय ते कळलं असतं.

"अगं, तो कधीच गेला," मॅडम म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात भंगार उचललं. का गं?"

दीपिकानं सांगितलं.

"हे बघ, ती वजनं ॲपवर भरली गेलीत," मॅडम म्हणाल्या. "वर अहवाल गेलाय. आता तू म्हणतेस ती चुकीची. बरोबर किती ते तरी सांगता येतंय का तुला?"

"नाय."

"मग नुसतं चुकलं म्हणून कसं चालेल? काही हातात असेल तर बोल."

फोन ठेवला आणि दीपिका परत दारापर्यंत गेली.

हातात काय होतं? काटा नाही, झोळी नाही, मुलंही नाहीत. नुसते आकडे.

"बाय, तू एक जागी बस," कमळी भांडी घासता घासता म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरतंय."

"कमळीमावशी, टेम्पो गेला त्या आठवड्यात सिस्टर आली होती ना लसी द्यायला?"

"आलती. दोन दिवसांनी, बुधवारी. पोरांचं वजन पन केलतं तिनं, त्या चपट्या काट्यावर."

दीपिका उभी राहिली ती थेट हर्षितच्या घरी गेली. लसीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत होतं. सिस्टरच्या अक्षरात, त्या बुधवारची तारीख घालून: आठ किलो. मग भावनाचं कार्ड, सहा किलो. सिस्टरचा काटा इलेक्ट्रिक, आणि ती दर वेळी तो तपासून घेते हे दीपिकाला माहीत होतं. दोन दिवसांत मूल काही किलोभर कमीजास्त होत नाही. म्हणजे त्या दिवसाची दोन खरी वजनं सापडली.

तिनं अंगणवाडीत येऊन कागद घेतला. भावना खरी सहा, जुन्या काट्यावर सात दोनशे. फरक एक किलो दोनशे. सुटलं, असं तिला वाटलं. सगळ्या एकोणीस आकड्यांतून एक किलो दोनशे वजा करायचे, झालं. तिनं पेन्सिल उचललीही. मग हर्षितचा आकडा पाहिला. खरा आठ, काट्यावर नऊ चारशे. फरक एक किलो चारशे.

फरक एकसारखा नव्हता.

बरं, मग पटीत असेल. भावनाचा आकडा खऱ्याच्या एक पूर्णांक दोन पट. हर्षितला आठाची तेवढीच पट केली तर नऊ सहाशे येत होते, आणि होते नऊ चारशे. तेही जमेना. वजा करून जमत नाही, भागून जमत नाही. तिनं पेन्सिल आपटली. चारदा खोडून कागद फाटला तेव्हा नवा घेतला.

"कसलं भांडान चाललंय कागदाशी?" कमळीनं पातेलं पालथं घालत विचारलं.

"जडाला जास्त फरक पडतोय, हलक्याला कमी. पण सरळ पटीत पन नाय."

कमळीनं पदराला हात पुसले आणि जवळ येऊन बसली. तिला लिहिता सहीपुरतं यायचं. पण तो काटा तिनं वीस वर्षं वाशाला टांगला आणि उतरवला होता.

"झोळी त सगल्यांना एकच होती ना?" ती म्हणाली. "ती जाड झाली. ती ज्याला त्याला सारकीच पडनार."

"हो."

"आन तो काटा दिवालीच्या आदी वाशावरनं पडलता, आठवतं? तवापासून त्याची स्प्रिंग ढिली. जड पोर टाकलं की मायंदाळ लोंबायचा. हलकं टाकलं की थोडा लोंबायचा."

दीपिकानं कागद जवळ ओढला.

दोन गुन्हेगार होते तर. एक झोळी, सगळ्यांना सारखी. दुसरी स्प्रिंग, दर किलोला जरा जास्त ताणली जाणारी. दोघांचाही आकडा माहीत नाही. आणि माहीत असलेल्या गोष्टीही दोनच, भावना आणि हर्षित.

दहावीला गणितात ती एकदा नापास झाली होती, ऑक्टोबरात सुटली. आश्रमशाळेतले आनंदा गुरुजी त्या दोन महिन्यांत तिला रोज एकसामयिक समीकरणं घालायचे. बाकीच्या पद्धतींत ती चिन्हं चुकायची, म्हणून त्यांनी तिला एकच पक्की करून दिली होती. दोन अनोळखी असतील तर पहिल्या समीकरणातून एकाची किंमत दुसऱ्याच्या भाषेत लिहायची, आणि ती उचलून दुसऱ्या समीकरणात ठेवायची. मग तिथे एकच अनोळखी उरतो. परीक्षेनंतर तेरा वर्षांत तिनं एकही समीकरण लिहिलं नव्हतं.

एका खऱ्या किलोला तो काटा जेवढं दाखवायचा त्याला तिनं नाव दिलं क. नुसत्या झोळीला जेवढं दाखवायचा त्याला झ. आणि लिहिलं:

६क + झ = ७.२
८क + झ = ९.४

पहिल्यातून झ म्हणजे ७.२ वजा ६क. हे दुसऱ्यात झच्या जागी ठेवलं. उत्तर आलं, एका किलोला काटा दीडशे ग्रॅमच्या आसपास दाखवतो.

"असं कसं?" ती मोठ्यानं म्हणाली. "मग पोरं किलो-सव्वा किलोची दिसली असती."

तिनं परत पाहिलं. वजा ६क ठेवताना तिनं अधिक ६क केलं होतं. आनंदा गुरुजींनी इथे लाल पेनानं गोल काढला असता. पुन्हा, सावकाश:

८क + ७.२ − ६क = ९.४
२क = २.२
क = १.१

आणि झ म्हणजे ७.२ मधून ६.६ वजा. ०.६.

झोळी सहाशे ग्रॅम दाखवत होती. आणि दर किलोला काटा शंभर ग्रॅम वाढवून सांगत होता.

कमळीला तिनं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सहाशे असंलच. काठ्या ओल्या बांबूच्या होत्या."

पण दीपिकाला अजून धीर होईना. दोन आकड्यांतून काढलेलं उत्तर त्या दोन आकड्यांना लागू पडणारच. तिनं कमळीला पाड्याच्या खालच्या आळीत पिटाळलं, बुधवारी लस घेतलेलं आणखी एखादं कार्ड मिळतं का बघायला. कमळी धीरजचं कार्ड घेऊन आली. कार्ड पालथं ठेवूनच दीपिकानं आधी हिशेब केला. धीरजचा जुना आकडा दहा पाचशे. त्यातून सहाशे गेले, नऊ नऊशे. त्याला एक पूर्णांक एकनं भागलं, नऊ. मग कार्ड उलटं केलं. सिस्टरनं लिहिलं होतं नऊ शंभर.

"शंभराचा फरक हाय," दीपिका म्हणाली.

"भाकर खाऊन गेला असंल," कमळी म्हणाली.

मग ती एकोणीस मुलांच्या यादीवर बसली. दर आकड्यातून सहाशे काढायचे, एक पूर्णांक एकनं भागायचं, वयासमोर तक्त्यावर ठिपका द्यायचा. सगळीच काही वाईट निघाली नाहीत. आठ मुलं हिरव्यातच राहिली. सात पिवळ्यात उतरली. आणि चार लालमध्ये, म्हणजे धोक्यात. सुकाचा वर्षाचा मुलगा. आनंदा गुरुजींच्या नावाचाच एक आनंदा होता पाड्यात, त्याचं धाकटं. बुधाची दहा महिन्यांची मुलगी, सहा नऊशेची पाच सातशे झाली.

आणि रिंकी. आठ तीनशे. सहाशे गेले, सात सातशे. भागले एक पूर्णांक एकनं. बरोबर सात किलो. दीड वर्षाच्या मुलीला सात किलो.

वनशी म्हणाली होती, मला जरा बारीक वाटते.

तो कागद तिनं फोटो काढून मॅडमना पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

"हे तू केलंस?"

"हो मॅडम. धीरजवर तपासून पन बघितलं."

"दीपिका, हे बरोबर दिसतंय गं." मॅडमचा आवाज बदलला होता. "पण चार मुलं एकदम लाल, आणि चूक आपल्या वजनाची. विचारणा होईल. मी आधी वर बोलते, तोपर्यंत थांब."

"किती दिवस?"

"दोनतीन दिवस लागतील."

"बरं," दीपिका म्हणाली. पण फोन ठेवताच ती जिवल्याच्या घराकडे निघाली.

जिवल्याचा बाप देवू अंगणात बकरीला पाला घालत होता. "वानगावला गेलेत," तो म्हणाला. "टेसनाच्या पल्याड भट्टी हाय. सुका पन तिथंच. काय झालं बाय? पोर बरी हाय ना?"

"बरीच असेल, देवूबाबा," ती म्हणाली, आणि आपण पुन्हा एकदा न बघता बरी म्हटलं हे तिच्या लक्षात आलं. "वजन करायचं राहिलंय. करून येते."

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याची, रूपेशची, सुट्टी होती. तो बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. सकाळी तिनं नवा काटा पिशवीत घातला, झोळी घातली आणि मोटारसायकलजवळ जाऊन उभी राहिली.

"सरकारी काटा घेऊन कुठं?" रूपेश म्हणाला. "मॅडम थांब म्हनल्यात ना?"

"मॅडमनी थांब म्हटलंय. पोरीनं थांबायला पायजे ना?"

रूपेशनं गाडीला किक मारली. वाटेत तिनं चारदा विचारलं, जरा जोरात जाता येत नाही का. चौथ्यांदा तो म्हणाला, "मग तूच चालव."

भट्टीवर सुका भेटला. त्याचा मुलगा चिखलानं माखला होता, पण खणखणीत रडत होता. दीपिकानं बाभळीच्या फांदीला काटा बांधला, आधी रिकामी झोळी टांगली, सुई शून्यावर आली का ते दोनदा पाहिलं, मग मूल घातलं. सहा किलो सहाशे. तिच्या कागदावर साडेसहा होते. तिला एकाच वेळी बरं वाटलं आणि वाईटही. सुकाला तिनं सगळं समजावलं. तो म्हणाला, "दवाखाना दहा मिनटावर हाय, आजच नेतो." त्याचं एवढ्यात मिटलं.

"आणि जिवल्या?"

"तो नाय इथं. मुकादमाशी वाजलं त्याचं. आठ दिवस झाले, बोईसरला गेला, बिल्डिंगच्या कामाला."

"कुठल्या बिल्डिंगच्या?"

सुकाला माहीत नव्हतं. जिवल्याचा फोन लागत नव्हता.

बोईसरला बांधकामं काय एक होती? स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूरच्या रस्त्याला, कारखान्यांच्या मागे, जिथे बघावं तिथे बांबूच्या परांच्या. तीन ठिकाणी हिंदी बोलणाऱ्या वॉचमननी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. चौथ्या ठिकाणी वॉचमननं पिशवीकडे बोट केलं.

"इसमें क्या है?"

"वजन का काटा है. बच्ची का वजन करना है."

तिला वेड लागलंय अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण आत बोट दाखवलं. "पीछे आदिवासी लोग हैं. देख लो."

मागे निळ्या प्लास्टिकच्या खोपट्यांची रांग होती. शेवटच्या खोपट्यापुढे वनशी तवा टाकत होती. रिंकी मातीत बसली होती. रडत नव्हती, खेळत नव्हती. दीपिकाला पाहून तिनं मानही वळवली नाही. ते पाहिलं आणि दीपिकानं पिशवीतून काटा बाहेर काढला.

"बाई? तुमी इथं?"

"रिंकीला घे, वनशी. आधी वजन करू."

परांचीच्या बांबूला काटा बांधला. रिकामी झोळी, शून्य. रिंकी. सहा किलो आठशे. महिनाभरात आणखी दोनशे गेले होते.

"काय झालं?" वनशीनं तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं.

दीपिकानं वाटेत बरंच ठरवलं होतं काय बोलायचं ते. काटा खराब होता, ऑफिसचा होता, झोळी जड होती. यातलं काही तिच्या तोंडातून आलं नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी आठ तीनशे सांगितलं, ते खोटं होतं. सात होतं. तू बारीक म्हणालीस ते बरोबर होतं."

तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी वनशीनं ती उलटली नाही. मग म्हणाली, "तुमीच त म्हनलात, ने बिनधास."

"हो. मीच म्हणाले."

"मी आजाकडं ठेवनार होती."

"माहीत हाय."

जिवल्या वरून सिमेंटनं पांढरा झालेला खाली आला. त्याला सगळं सांगितलं. पालघरच्या सरकारी दवाखान्यात अशा मुलांना ठेवून घेतात, आईलाही बरोबर राहावं लागतं, पंधरा दिवस.

"पंदरा दिवस?" जिवल्या भडकला. "ही गेली त माज्यासोबत माल कोन वाहील? मुकादम दोघांना घेऊन आलाय. इथनं पन हाकलला त कुठं जाऊ मी? आन आता काय भरवसा, तुमचा हा काटा तरी खरा हाय?"

रूपेश पुढे व्हायला लागला, तिनं त्याला हातानं थांबवलं. बाजूच्या दुकानातून मिठाची एक पिशवी आणवली आणि जिवल्याच्याच हातात दिली. "तूच टांग."

त्यानं टांगली. एकवर सुई आली. त्यानं ती काढली, परत टांगली. मग पिशवी तशीच हातात धरून तो रिंकीकडे बघत राहिला.

"मी कागदावर काढलं तेव्हा सात आलं," दीपिका म्हणाली. "आज सहा आठशे हाय. थांबलो तर अजून उतरेल."

वनशी उठली. तिनं तवा उतरवला, खोपट्यातून एक लुगडं आणि रिंकीचं टोपडं घेतलं. "मी चालली," ती नवऱ्याला म्हणाली. "भाकरी झाकून ठेवली हाय."

जिवल्यानं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. ती गेटपर्यंत पोचल्यावर तो धावत आला आणि मिठाची पिशवी परत द्यायला लागला. दीपिका म्हणाली, राहू दे तुला.

पालघरला रिक्षा करून गेले. रूपेश मागून मोटारसायकलवर. दवाखान्यात नाव नोंदवून होईतो दुपार टळली. डॉक्टरांनी रिंकीची कातडी चिमटीत धरून सोडली, दंडाला मापाची पट्टी लावली आणि विचारलं, "इतके दिवस कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"माझ्या यायला पाहिजे होतं," दीपिका म्हणाली. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

रात्री घरी पोचली तेव्हा मॅडमचे सहा मिस्ड कॉल होते. तिनं फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम चिडल्या, बऱ्याच चिडल्या. सरकारी काटा, न विचारता, दुसऱ्याच्या हद्दीत. मग दमून म्हणाल्या, "सहा आठशे निघालं ना खरंच?"

"हो."

"उद्या तो हिशेबाचा कागद नीट लिहून दे. समीकरणासकट. मी सही करते आणि वर पाठवते. विचारलं तर दोघींना विचारतील."

दीपिकानं लिहून दिला. रजिस्टरात एकोणीस आकड्यांवर लाल शाईनं रेघ मारली, बाजूला नवे लिहिले. चौकशी झाली, तिला एक खरमरीत पत्र आलं, आणि तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचे जुने काटे तपासून घ्या असंही एक पत्र निघालं. दुसऱ्या पत्रात तिचं नाव नव्हतं.

रिंकी पंधराच्या जागी एकवीस दिवस दवाखान्यात राहिली. निघाली तेव्हा सात किलो सातशे होती आणि सिस्टरच्या बांगड्या ओढत होती. जिवल्याला मुकादमानं हाकललं नाही, पण वनशीच्या जागी दुसरी बाई लावली. वनशी रिंकीला घेऊन पाड्यावरच राहिली. ती दीपिकाशी बोलायची, पण पूर्वीसारखं नाही. रिंकीचं वजन करायची वेळ आली की ती स्वतः पुढे येऊन रिकाम्या झोळीकडे बघायची. दीपिकाला त्याचं काही वाटलं नाही. तिनं तशी सवय सगळ्याच आयांना लावली.

आनंदाचं धाकटं कोळगावच्या बांधकामावर सापडलं, फोनवरच, आणि आनंदानं त्याला स्वतः आणून दाखवलं.

राहिली बुधाची मुलगी. बुधा गुजरातच्या बाजूला गेला होता एवढंच कळत होतं. दीपिकानं मुकादमाचे तीन नंबर मिळवले, एकही लागला नाही. सीमेपलीकडच्या दोन अंगणवाड्यांत तिनं निरोप धाडला, मुलीचं नाव, वय आणि पाच सातशे हा आकडा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रात्री कधीतरी जाग यायची आणि ती मनात भागाकार करत पडायची, जणू परत केला तर उत्तर बदलेल. रूपेश म्हणायचा, झोप. ती म्हणायची, झोपते.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टेम्पो आला. लोक भांडी उतरवायच्या आत दीपिका काटा घेऊन रस्त्याला पोचली होती. बुधाच्या बायकोच्या कडेवर मुलगी होती. दीपिकानं आधी तिचा श्वास पाहिला, मग तिच्या हाताला हात लावला. मुलीनं तिचं बोट धरलं.

झोळी टेम्पोच्या कडीला टांगली. शून्य. मग मूल. सहा किलो चारशे. चौदा महिन्यांची. वाढली होती, पण अजून लालच होती.

"तिकडं ताप आलता दोनदा," बुधाची बायको म्हणाली. "वाचली."

"उद्या सकाळी सातला गाडी सांगते," दीपिका म्हणाली. "पालघरला जाऊ."

"उद्या?" बुधा म्हणाला. "उद्या होळी हाय बाई. चार महिन्यांनी घर बघतोय."

दीपिकानं मुलीला झोळीतून काढून आईच्या कडेवर दिलं. मग म्हणाली, "बरं. परवा."

त्या परवाच्या सकाळी सातला सहा मिनिटं कमी होती, तेव्हा ती त्यांच्या दारात उभी होती.